होळी झाल्यावर गावरान कोंबडी खुडूक बसलीय. अंडी ठेवू की उठवू?

चोपड्याची_सून

नमस्कार मंडळी. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरी चार गावरान कोंबड्या, तीन गिरिराज (सुधारित जातीच्या) आणि एक गावरान कोंबडा. त्यातली एक तांबडी गावरान रंगपंचमीपासून खुडूक बसलीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. जागा कोणती शोधली, तर अंगणात पडलेला जुना लोखंडी कूलर! मोटर केव्हाच काढून घेतलेली, आत नुसतं वाळकं गवत. त्यात पिसं फुलवून दिवसभर बसून असते. हात पुढे केला की फुत्कारते, टोचते. दिवसातून एकदा उतरते, चार दाणे टिपते की परत कूलरमध्ये. पोटाखालची पिसं तिनं स्वतःच उपटून टाकलीत. खाली सध्या एकही अंडं नाही, कारण रोजची अंडी मी काढून घेते.

आता तिच्याखाली अंडी ठेवावीत का? सासूबाई म्हणतात, होळी पेटली की रवण घालायची नाही, म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवायची नाहीत, अंड्यांचं पाणी होतं. खोटं म्हणावं तर गेल्या चैत्रात हेच झालं. हीच कोंबडी, हाच कूलर. खाली पंधरा अंडी ठेवली होती, दोन-तीन आठवडे साठवलेली, स्वयंपाकघराच्या फळीवर स्टीलच्या डब्यात. तीनच पिल्लं निघाली. बाकीची फोडली तर काहींत नुसतं पाणी, काहींत अर्धवट वाढलेलं पिल्लू, आणि वास असा की शेजारीण भिंतीवरून विचारायला आली. तिचं मत, मध्येच अवकाळीचे ढग गडगडले म्हणून अंडी गेली. नवऱ्याचं मत, या भानगडीत पडायचंच नाही, सरळ अंडी उबवायचं मशीन आणू. आणि गल्लीत मोटरसायकलवर पिल्लंवाला येतो, लाल-हिरवी रंगवलेली पिल्लं घेऊन. पोरांचं मत सांगायला नको.

मला कोंबडीनंच पिल्लं काढावीत असं वाटतं. पण पारा आत्ताच चाळिशीला टेकलाय. ज्यांनी स्वतः रवण घातलीय त्यांनीच सांगा, यूट्यूब बघून झालंय.

पारोळ्याचा_भाचा

ताई, ढगांसाठी आमच्याकडे टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवतात. तुमची तर आख्ख्या लोखंडातच बसली होती, तरी अंडी गेली. म्हणजे खिळ्याचं काय ते समजा 😀

माझं मत विचाराल तर खुडूक मोडा. खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात, वारा लागेल अशा सावलीत तीन-चार दिवस ठेवा. दाणापाणी द्या, पण गवत-बारदान काही देऊ नका. पोटाला वारा लागला की ऊब उतरते. काही लोक पाण्यात बुचकळतात, कोणी पाय बांधतात, ते करू नका. दोन-तीन आठवड्यांत परत अंड्यावर येईल. उन्हाळ्यात पिल्लांचा उद्योग कशाला?

शहाद्याची_मावशी

भाच्याचं ऐकू नको, पोरी. पिंजऱ्याची युक्ती खरी आहे, पण ती ज्याला फक्त अंडी विकायचीत त्याच्यासाठी. गावरान कोंबडी एका खेपेला दहा-पंधरा अंडी घालते आणि बसते, वर्षात अशा तीन-चार खेपा. तुझी खेप संपवून स्वतःहून बसलीय, पोटाची पिसं काढलीत, टोचते, दिवसाला एकदाच उतरते. याहून पक्की खुडूक शोधून सापडत नाही. काही कोंबड्या दोन दिवस बसल्यासारखं करतात आणि तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर हिंडतात, तशी ही नाही.

तुझ्या सासूबाई चुकीचं बोलत नाहीत. पण तुझ्या अंड्यांचं पाणी कोंबडीखाली झालेलं नाही. ते तुझ्या फळीवरच झालं होतं.

फळलेल्या अंड्यात जीव असतो, तो थंडीत निजून राहतो. हवा पंचवीस अंशांच्या पुढे गेली की तो हळूहळू जागा व्हायला लागतो. आपल्याकडे चैत्रात घरात किती असतं? दुपारी पस्तीस, स्टीलच्या डब्यात त्याहून जास्त. म्हणजे दुपारी तो थोडा वाढतो, पहाटे गारव्यात थांबतो, दुसऱ्या दिवशी परत थोडा वाढतो. असं दोन-तीन आठवडे चाललं तर कोंबडी बसायच्या आधीच तो मरतो किंवा अशक्त होतो. मग वरून पोटाची ऊब मिळाली की ते कुजतं आणि पाणी होतं. जी थोडी धड राहिली ती अर्ध्या वाटेत मरतात. तुला दोन्ही प्रकार दिसले, नुसतं पाणी पण आणि अर्धवट पिल्लू पण. ढगांचा संबंध नाही.

दिवाळीनंतर साठवलेलं अंडं आठ-दहा दिवस सहज टिकतं, कारण घरच गार असतं. म्हणून जुन्या बायांना होळीच्या आधीची रवण यशस्वी दिसली आणि नंतरची फसलेली. नियम त्यांनी बरोबर बांधला. पण तुझी कोंबडी आत्ता बसलीय, तिला मार्गशीर्षापर्यंत थांब म्हणता येत नाही. तर अंडं गार ठेव आणि ताजं ठेव, मग होळीनंतरही पिल्लं निघतात. मी काढते.

आता कर असं. आजपासून फक्त गावरान कोंबड्यांची अंडी वेगळी काढ. प्रत्येकावर पेन्सिलनं तारीख टाक. पाण्याचा जुना माठ घे, गळका असला तरी चालतो, त्यात अर्ध्यापर्यंत वाळू भर, वाळू ओलसर कर, त्यावर सुती फडकं अंथर आणि अंडी टोकाकडची बाजू खाली करून ठेव. तोंडावर मातीचं परळ झाक. माठ घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीवर. फळीवर नाही. फ्रिजमध्ये तर मुळीच नाही, तिथं फार गार असतं. चार-पाच दिवसांत जेवढी जमतील तेवढीच. अंडं मळकं असेल तर कोरड्या फडक्यानं पुस, धुऊ नको. धुतलं की वरचं नैसर्गिक पापुद्र्यासारखं आवरण निघतं आणि घाण आत शिरते. फार मोठं, फार लांबुळकं, पातळ कवचाचं अंडं आमलेटला घे.

तोपर्यंत कोंबडी बसती ठेवायला तिच्याखाली दोन जुनी अंडी ठेव, वर कोळशाची जाड रेघ मारून. नंतर ती काढून फेकायची. रेघ अशासाठी की बाकीच्या कोंबड्या तिथंच येऊन अंडं घालतात आणि मग कुठलं कधीचं ते कळत नाही. एक अंडं आज ठेवलेलं, एक चार दिवसांनी घातलेलं, असं झालं तर पहिली पिल्लं निघाल्यावर आई उठते आणि मागची अंडी वाऱ्यावर.

पंधरा फार होतात. थंडीत बारा ठीक. आत्ता नऊ-दहा पुरे. पिसांबाहेर डोकावणारं अंडं कधी तापतं, कधी निवतं, आणि कोंबडी अंडी फिरवत राहते म्हणून आज बाहेर असलेलं उद्या आत. म्हणजे एका जास्तीच्या अंड्यापायी चारांचं नुकसान.

आता तो कूलर. उन्हात लोखंडाचा डबा दुपारी किती तापतो ते हात लावून बघ. कोंबडीचं अंग मुळात एकेचाळीस अंशांचं असतं. अंड्याला साडेसदतीस लागतात, चाळिशीच्या वर गेलं की आतलं पिल्लू जगत नाही. बाहेर चाळीस आणि पत्रा पंचावन्न असेल तर कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते आणि शेवटी अंडी सोडून सावलीला जाते. तिला तिथून हलव. दिवसा हलवशील तर परत पळून कूलरमध्येच जाईल. अंधार पडल्यावर, तिचं डोकं कापडानं झाकून, दोन्ही हातांनी उचलून नवीन जागी ठेव, खाली ती रेघवाली अंडी, वर डालं (बांबूची मोठी टोपली) पालथं घाल आणि दुसरा दिवसभर डाल्याखालीच राहू दे. दाणापाण्यापुरतं उघड. दोन दिवसांत जागा तिची होते. त्यानंतर खरी अंडी ठेव, तीही रात्रीच, सगळी एकदम.

जागा मातीच्या भिंतीची बघ. गोठ्यातली जुनी गव्हाण असेल तर उत्तम. पत्र्याच्या छपराखाली असेल तर वर कडब्याच्या पेंढ्या टाक. खाली तीन-चार बोटं माती पसर, मातीला हातानं खळगा कर, थोडं पाणी शिंपड, त्यावर बारदान, त्यावर केळीचं वाळलं सोपट किंवा गव्हाचं काड. जमिनीचा ओलावा अंड्याला लागतो. घमेल्यात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसवू नको. चुलीची राख आणि कडुनिंबाचा पाला आत टाक, नाहीतर उवा होतात. आणि जुन्या भिंतीच्या भेगा बघून घे. कोंबडीचे गोचीड दिवसा भेगेत लपतात आणि रात्री रक्त पितात. बसलेली कोंबडी हलत नाही, सगळे तिच्यावरच तुटून पडतात. भेगा शेणमातीनं बुजव आणि चुना मार. हे अंडी ठेवायच्या आधी, नंतर खुडबूड नको.

बसल्यावर सकाळी एकदा ती उतरेल. पंधरा-वीस मिनिटं. तेव्हा दादर (आपली ज्वारी) किंवा मका, भरपूर गार पाणी आणि लोळायला कोरडी माती-राख समोर असली पाहिजे. एक भली मोठी, घाण वासाची विष्ठा टाकेल, घाबरू नको, दिवसभराची रोखलेली असते. उतरलीच नाही तर दोन दिवसांनी उचलून बाहेर ठेव. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघ, पडून फुटतं.

सातव्या रात्री मोबाईलचा टॉर्च लावून अंडी बघ. आत लाल बारीक शिरांचं जाळं दिसलं तर चालू आहे. नितळ दिसलं तर फळलेलंच नाही, काढून टाक. अठराव्या दिवसापासून हात लावायचा नाही. टॉर्च नाही, फोटो नाही, पोरांना दाखवणं नाही. विसाव्या-एकविसाव्या दिवशी आतून चिवचिव येते आणि कोंबडीचा आवाज बदलतो, हलक्या कुकक् कुकक् करत ती त्यांच्याशी बोलते. कवच फोडायला मदत करू नको. चोच मारल्यावर पिल्लू तासन्‌तास थांबतं, आतलं पिवळं पोटात ओढून घेत असतं. आपण कवच सोललं तर रक्त येतं. ते पिवळं पोटात गेलं की पिल्लू दोन दिवस दाणापाण्यावाचून राहतं, म्हणून आई मागच्यांसाठी थांबू शकते. आमच्याकडे म्हणतात, कोंबडीले कोंबडीनं काम करू दे.

चोपड्याची_सून

मावशी, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. "मी तेच म्हणत होते" असं म्हणाल्या 😀 पण माठ त्यांनीच शोधून दिला.

अजून दोन गोष्टी. गिरिराजची अंडी मोठी असतात, ती ठेवली तर? आणि चैत्र-वैशाखात पिल्लं निघाली तर उन्हानं मरणार नाहीत का? अंड्यातून काढायची आणि मेमध्ये घालवायची, असं नको व्हायला.

धुळ्याचा_इंजिनियर

ताईंच्या मिस्टरांसाठी लिहितोय. माझ्याकडे मशीन आहे. मशीन वाईट नाही, साडेसदतीस अंश धरून ठेवतं, अंडी आपोआप फिरवतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे लाईट. उन्हाळ्यात आमच्या फिडरला दुपारी लाईट जाते, इन्व्हर्टर नसेल तर जीव टांगणीला. दुसरं म्हणजे ओलावा. पहिले अठरा दिवस साधारण ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ च्या पुढे लागतो. आपल्याकडची एप्रिलची हवा इतकी कोरडी की पाण्याच्या वाट्या भरता भरता कंटाळा येतो. कमी पडला तर पिल्लू कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतं.

आणि खरं काम पिल्लं निघाल्यावर सुरू होतं. मशीन काही त्यांना पंखाखाली घेत नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, म्हणजे बल्ब, पत्र्याचं रिंगण, भुसा, रात्री उठून बघणं, घुशी. दहा पिल्लांसाठी हे सगळं? शंभर काढणार असाल तर मशीन घ्या.

मी आता करतो ते असं: मशीनमध्ये अंडी ठेवतो त्याच सुमाराला एखादी गावरान खुडूक असेल तर तिला खोट्या अंड्यांवर बसती ठेवतो आणि पिल्लं निघाली की रात्री तिच्याखाली सरकवतो. सकाळी ती सगळी स्वतःचीच म्हणून फिरवते.

पारोळ्याचा_भाचा

हे पिल्लं सरकवायचं खरंच चालतं? मग ताईंनी माठबिठ सोडून विकतची पिल्लंच ठेवावीत की.

शहाद्याची_मावशी

चालतं, पण दोन्हीकडून जमलं पाहिजे. कोंबडी निदान दोन आठवडे नेटानं बसलेली हवी, तीन झाले तर अजून चांगलं. नुकती बसलेली पिल्लं बघून गोंधळते, टोचून मारतेसुद्धा. पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. चार-पाच दिवसांची पिल्लं बल्बला सरावलेली असतात, त्यांना आईची हाक कळत नाही, ती पंखाखाली जातच नाहीत. रात्री अंधारात एक अंडं काढायचं, एक पिल्लू ठेवायचं, आणि उजाडायच्या आत तिथं जाऊन बसायचं. काय करते ते बघायला. एखादी बया काळ्या पिल्लांना घेते आणि पिवळ्याला हाकलते. टोचायला लागली तर लगेच काढून घ्यायची.

तो रंगीत पिल्लंवाला मात्र नको. ती बहुतेक अंड्याच्या जातीतली नर पिल्लं असतात, हॅचरीला नको असलेली. उन्हात खोक्यात फिरवलेली, लस कुठली टोचली की नाही देव जाणे. एक आजारी पिल्लू तुझ्या आख्ख्या खुराड्याला घेऊन बसेल.

गिरिराजचं विचारलंस. कोंबडा एकच आणि तो गावरान, म्हणजे त्यांचं पिल्लू मिश्र होईल. वाढ चांगली, पण पुढे त्या पोरी खुडूक बसतील की नाही याचा भरवसा नाही. गिरिराज, वनराज या जाती अंड्यांसाठी आणि वजनासाठी निवडत निवडत केलेल्या, त्यात बसायची सवयच निघून गेली. तुला पुढेही कोंबडीकडूनच पिल्लं काढायची असतील तर या तांबडीचीच अंडी जास्त ठेव. बसणाऱ्या आईच्या पोरी बसतात. ज्या घरात खुडूक कोंबडी आधी कापतात आणि अंडं देणारी ठेवतात, त्यांना चार वर्षांनी मशीन लागतं. मोठी अंडी ठेवायचीच असली तर आठांवर जाऊ नको.

उन्हाचं म्हणशील तर गंमत ऐक. ऊन अंड्याला बाधतं, आईला बाधतं, पण कोवळ्या पिल्लाला तितकं नाही. इंजिनियर म्हणतोच आहे, त्याला पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात. म्हणजे पौषात ज्या उबेसाठी बल्ब जाळायचा ती चैत्रात फुकट मिळते. तुझी अंडी आता पाच दिवसांनी बसली तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पिल्लं दोन-एक आठवड्यांची होतील, पंखाची पिसं फुटलेली. त्यांना भर दुपारी फक्त दाट सावली आणि पाणी लागतं. पाणी मातीच्या परळात, आत गोटे टाकून, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. दिवसातून तीनदा बदल, तापलेलं पाणी ती पीत नाहीत. दुपारी बारा ते चार डाल्याखाली नाही तर गोठ्यात, अंगणात सोडायची सकाळी आणि संध्याकाळी.

पावसाळ्याची पिल्लं मला जास्त त्रासदायक वाटतात. ओल, चिखल, रक्ती हगवण.

खायला पहिल्या दिवशी तांदळाची कणी, दादरची कणी, नाहीतर मक्याची बारीक भरड. कळण्याच्या भाकरीचा चुराही आवडीनं खातात. पण नुसत्या धान्यावर पिल्लू वाढत नाही, त्याला किडा लागतो. उधई, म्हणजे वाळवी, मिळव. मडक्यात शेणाच्या गोवऱ्यांचे तुकडे, काड, थोडं पाणी असं भरून संध्याकाळी उधईच्या जागी पालथं घाल, सकाळी उचलून पिल्लांपुढे झटक. आई स्वतः खात नाही, चोचीत धरून हाका मारते आणि त्यांच्यापुढे टाकते. केळीच्या बागेत पडलेले कुजके खांब असतात ना, त्यातला एखादा फोडून अंगणात टाक. दिवसभर उकरत बसतात.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

मावशींनी जवळपास सगळं सांगितलं. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

एक, खाद्य. विकतचं घेणार असाल तर पिल्लांचंच घ्या, ज्याला स्टार्टर म्हणतात. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना नको, त्यात चुना इतका असतो की कोवळे मूत्रपिंड खराब होतात. आई पिल्लांबरोबर स्टार्टर खाईल, खाऊ द्या. ती अंड्यावर नाही, तिला चालतं.

दुसरी, लस. गावरान आहे, काटक आहे, तिला काही होत नाही, हे मी आयुष्यभर ऐकलं आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की त्याच घरातली खुराडी रिकामी झालेली बघितली. राणीखेत गावरानला सोडत नाही. ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात राणीखेतच्या लासोटा लशीचा एक थेंब. १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची लस. लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, तिचा खरा त्रास डास वाढले की होतो. आठव्या आठवड्यात राणीखेतची आर टू बी, ती टोचायची. कोवळ्या पिल्लाला आर टू बी देऊ नका, फार तीव्र असते.

अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे डोसांची येते आणि विरघळवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोणी फोडत नाही, म्हणून कोणी देतच नाही. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक कुपी आणा, सकाळी लवकर, बर्फाच्या थर्मासात. दुपारी खिशात घालून आणलेली लस आणि नळाचं पाणी यांत फरक उरत नाही. आजारी, पेंगुळलेल्या पिल्लाला लस देऊ नका.

आणि एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर पुरून मोकळं होऊ नका, दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. पोल्ट्री फार्मच्या कोंबड्या गेल्याच, आजूबाजूच्या गावांतल्या अंगणातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. बाया खुराड्यापुढे उभ्या राहून भांडत होत्या, आमची तर चांगली आहे म्हणून. खरंही होतं, पण रोगाच्या परिघात आलेली ठेवता येत नव्हती. २०२१ मध्ये नवापुरात परत तेच. म्हणून अनोळखी ठिकाणची पिल्लं, फार्मवरून स्वस्तात सोडलेल्या कोंबड्या, वापरलेल्या अंड्याच्या ट्रे यांपासून आपलं अंगण लांब ठेवा. आणलीच तर निदान दोन-तीन आठवडे वेगळी.

शहाद्याची_मावशी

साहेब, लशीचं अगदी पटलं. आमच्याकडे पाड्यावर कोणी लवकर घेत नाही, एक मर होऊन गेली की पुढच्या वर्षी सगळे घेतात, त्याच्या पुढच्या वर्षी परत विसरतात.

सुनबाई, एक राहिलं. घार. उन्हाळ्यात झाडांची पानं गळालेली असतात, वरून तिला सगळं दिसतं. पहिले पंधरा दिवस आई चिडकी असते, घार उतरली तर अंगावर जाते, पण दहांतलं एक जातंच. उघड्या अंगणात सोडू नको. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, काहीतरी आडवं-तिडवं रचून ठेव, तिची हाक ऐकली की पिल्लं त्यात घुसतात. कावळापण पहिल्या आठवड्यात नेतो. मुंगूस दिवसा येतं, बोका रात्री, धामण कधीही. गोठ्याचं दार उंबऱ्यापाशी झिजलेलं असतं, तिथं वीट लाव.

आणि बाकीच्या कोंबड्यांपासून पहिला आठवडा वेगळी. गिरिराज अंगानं मोठी, दाण्यावरून पिल्लाच्या डोक्यात एक टोच मारली की संपलं. दोन महिन्यांच्या आसपास आई स्वतःच पिल्लांना टोचून दूर करायला लागेल. पोरं रडतील, म्हणतील आई वाईट झाली. अंड्यावर येत असते ती, येऊ दे.

चोपड्याची_सून

काल रात्री हलवली. गव्हाणीत. डोक्यावर ओढणी टाकल्यावर हूं की चूं नाही. सकाळी डाल्याखालून माझ्याकडे असं बघत होती की मीच चोर. पण रेघवाल्या अंड्यांवर बसलेली होती. माठात गावरानची अंडी पडायला लागलीत, तारखेसकट. मिस्टरांना इंजिनियरदादांचा मेसेज दाखवला, ते सध्या गप्प आहेत. शेजारीण लशीला तयार झाली, अजून दोन घरं बघते.

डालं मात्र शेजारणीचं उसनं आहे, विणीतून माझा अंगठा जातो. पिल्लं निघाल्यावर तेच चालेल की नवीन घेऊ?

शहाद्याची_मावशी

नवीन घे. अंगठा गेला तर पिल्लूपण जातं आणि मांजराचा पंजाही. बाजारात बुरूडाकडे मोठ्या घेराचं सांग, कोंबडी आत उभी राहून पंख पसरू शकली पाहिजे. वीण अशी की करंगळी मुश्किलीनं जावी, वारा मात्र खेळावा. तळाशी जाड पट्टीचं बघ, पातळ पट्टीचं महिन्याभरात कलंडतं.  वर ठेवायला दगड चांगला वजनदार घे. बोका हलकं डालं डोक्यानं ढकलून उलटवतो.